मोऱ्याचा धुरकट माणूस

नवीन पनवेलहून मोरा म्हणजे काही प्रवास नव्हे, असं आमच्या हेमाचं मत आहे. सकाळी निघावं, उरणमार्गे मोऱ्याच्या बंदरावर पोचावं, जेवावं आणि दुपारच्या चहाला घरी परत यावं. मी याला तीन दिवस लावले, एक पँट कायमची घालवली आणि एकापाठोपाठ दोन भरपेट जेवणं जेवलो. तेव्हा हा प्रवास होता, आणि तो लिहायचा हक्क मी कमावला आहे.

निघायचं कारण लाजिरवाणं आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

निवृत्त झाल्यावर मी फुल फ्रेम कॅमेरा घेतला. ज्यांना यातलं काही कळत नाही त्या सुखी लोकांसाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या पोटात एक चौकोनी चकती असते, तिच्यावर फोटो उमटतो. तिला सेन्सर म्हणतात. फुल फ्रेममध्ये ही चकती मोठी असते, माझ्या आधीच्या कॅमेऱ्यात ती लहान होती. मोठ्या चकतीचं कौतुक असं, की लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर समोरचा माणूस लख्ख येतो आणि त्याच्या मागचं सगळं जग लोण्यासारखं विरघळतं. हे विरघळलेलं जग बघून आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधली पन्नाशी उलटलेली माणसं एकमेकांना टाळ्या देतात. मीही देत होतो.

जगदीश आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर. मोऱ्याचा कोळी, माणूस सोन्यासारखा. माझ्याबरोबरच निवृत्त झाला. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या हळदीला मी हा कॅमेरा गळ्यात घालून गेलो आणि कुणी सांगितलं नसताना म्हणालो, चला, घरातले सगळे उभे राहा, एक फोटो काढतो. एकोणीस माणसं दोन रांगांत उभी राहिली. मी लेन्स सताड उघडली. एवढ्या मोलाची लेन्स कोण बंद ठेवील? कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसत होता.

जगदीशने तो दाराएवढा करून नव्या घराच्या हॉलमध्ये लावला, आणि मग सगळ्यांना दिसलं. पुढची रांग लख्ख होती. नवरीच्या हळदीचा कण न् कण मोजून घ्यावा. मागच्या रांगेत जगदीशचा थोरला भाऊ धर्मा, त्याची बायको आणि दोन मुलगे होते. ते चौघे न्हाणीघरातल्या वाफेत उभे असल्यासारखे आले होते. धर्माने फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "टीवीवर मेलेल्या मानसाला असा दाखवतात." आणि न जेवता निघून गेला.

त्याने त्याच्या परीने हिशेब जुळवला होता. धाकट्याने नवं घर बांधलं, धाकट्याला मोठा फोटोवाला साहेब मिळाला, आणि धाकट्याने त्या साहेबाला सांगून थोरल्याला धुरात घातला. जगदीशने शपथा घेतल्या. मीही फोनवर लेन्स, छिद्र, अंतर असं सगळं समजावून सांगितलं, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. वर्षभर दोघं भाऊ बोलत नव्हते. होडी दोघांच्या सामाईक मालकीची. तीन दिवस हा नेई, तीन दिवस तो. पुढे पुढे तेही थांबलं.

मधल्या काळात माझी मान धरली. डॉक्टरांनी गळ्यातलं ओझं बंद करायला सांगितलं. मी तो जड कॅमेरा विकून टाकला आणि सुटलो असं समजलो. तेवढ्यात जगदीशचा फोन आला. त्याची आई हिराबाई हट्टाला पेटली होती. नारळी पौर्णिमा झाली, सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, यांचीच धक्क्याला बांधलेली. धर्मा म्हणत होता, माझा वाटा मोडून द्या. आता होडीचा अर्धा भाग कोण घेतो? म्हणजे होडीच जाणार. म्हातारीचं म्हणणं होतं की होडीवर सगळं घर उभं करून एक नीट फोटो काढायचा, मग पूजा, मग पाण्यात. आणि तो फोटो ज्याने बिघडवला त्यानेच दुरुस्त करायचा. धर्मा एवढंच म्हणाला होता की येतो, पण या खेपेलाही धुरकट आलो तर होडी विकायची.

येतो म्हणालो आणि फोन ठेवला.

शुक्रवार, नवीन पनवेल

जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा कपाटातल्या खालच्या खणात हेमाच्या जुन्या दुलईत गुंडाळलेला सापडला. चार वर्षं त्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं. बॅटरी चार्ज केली तर पठ्ठ्या सुरू झाला. हातात घेतला तर इतका हलका, की आत काही आहे का म्हणून मी हलवून बघितला. त्याच्याबरोबरची झूम लेन्स मात्र गेली होती. आमच्या पनवेलच्या दमट हवेत पापडाला जी बुरशी धरते तीच लेन्सच्या काचेच्या आत धरली होती. राहिली एक पस्तीसची लेन्स. ती पुढेमागे होत नाही. माणूस मोठा हवा तर आपण पुढे जायचं, लहान हवा तर मागे.

परीक्षा म्हणून हेमाला गॅलरीत उभं केलं. फुल फ्रेमवर पस्तीसच्या लेन्सला जेवढं अंतर लागतं तेवढ्यावर पाय आपोआप जाऊन थांबले. फोटो काढला. त्यात हेमाचा एक कान आणि कपाळ बाहेर राहिलं होतं. दुसरा काढला, त्यात दुसरा कान बाहेर.

"बत्तीस वर्षांनी मी तुम्हाला मावेनाशी झाले," हेमा म्हणाली आणि कुंडीला पाणी घालायला लागली.

तेव्हा मला विसरलेली गोष्ट आठवली. भाकरी तेवढीच मोठी, पण खालचं ताट लहान असलं, की कडेची भाकरी ताटाबाहेर जाते. लेन्स तीच असली तरी लहान सेन्सरवर तिचा मधलाच भाग येतो. म्हणजे फुल फ्रेमच्या दीडपट मागे सरकायला हवं. डोक्याला कळलं. पायांना कळायला हवं होतं, आणि पायांना चार वर्षांची सवय होती. ती संध्याकाळ मी सोसायटीच्या आवारात मागे मागे चालण्यात घालवली. वॉचमनने हेमाला वर जाऊन विचारलं, साहेबांना बरं आहे ना. हेमा म्हणाली, नेहमीइतकंच.

शनिवार, उलवे

मधला मुक्काम उलव्याला किणीकरकडे. किणीकर म्हणजे आमच्या ग्रुपचा पुढारी. अकराव्या मजल्यावर राहतो, गॅलरीतून विमानतळ दिसतो आणि तो आपणच बांधल्यासारखा दाखवतो. उलव्याला मी वर्षाने गेलो आणि रस्ता चुकलो, कारण मागच्या खेपेला ज्या मोकळ्या प्लॉटवरून वळायचं होतं तिथे आता चौदा मजले उभे होते. विचारायला थांबलो आणि थांबलोच आहे तर म्हणून एका क्रेनचा फोटो घेतला.

एक पांढऱ्या शर्टातले वयस्क गृहस्थ स्कूटर थांबवून शेजारी उभे राहिले. इथल्याच गावातले, जमिनी संपादनात गेलेल्यांपैकी. मोजणीवाला आहेस का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी कॅमेरा निरखून बघितला आणि त्यांची खात्री पटली. मोजणीवाल्याचं यंत्र एवढं लहान नसतं, म्हणाले. मागच्या वर्षी इथेच मी फुल फ्रेम ट्रायपॉडच्या तिकाटण्यावर लावून उभा होतो तेव्हा दहा मिनिटांत सहा माणसं जमली होती आणि आता कुणाचं घर आत घेतलंत ते सांगा म्हणून मला घेरलं होतं. या खेपेला त्या गृहस्थांनी मला किणीकरच्या इमारतीपर्यंत स्कूटरवर सोडलं. वाटेत उजव्या हाताला बोट दाखवून म्हणाले, त्या इमारतीची तिसरी लिफ्ट आहे ना, तिथे आमचं खळं होतं. अगदी सहज बोलले, शेजाऱ्याचं घर दाखवावं तसं.

किणीकरने दार उघडल्याबरोबर माझ्या गळ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. क्रॉप सेन्सर, लहान चकतीचं ग्रुपमधलं नाव घेऊन तो म्हणाला, एखाद्याला पथ्याचं जेवण जेवताना बघून म्हणतात तसं. चहा होईस्तोवर त्याने स्वतःचा फुल फ्रेम माझ्यापुढे टेबलावर आणून ठेवला. उद्या हाच ने. एवढ्या महत्त्वाच्या कामाला हे खेळणं नेऊन ग्रुपचं नाक कापू नकोस.

मी म्हणालो, अरे, ह्या विरघळण्यानेच एका घराचे दोन तुकडे केलेत. लहान सेन्सरवर पुढचा-मागचा सगळा लख्ख येतो, मला तेच हवंय.

त्यावर किणीकर जे बोलला ते मला आजही टोचतं. "कॅमेऱ्याला कशाला बोल लावतोस? त्यावरसुद्धा लेन्सचं छिद्र बारीक केलं असतंस तर एकोणीसच्या एकोणीस आले असते. तुला मिरवायचं होतं."

खरं होतं. शब्द न् शब्द खरं. दोन रांगा समोर दिसत असताना मी लेन्स उघडी ठेवली, कारण दुसऱ्या दिवशी फोटो ग्रुपवर टाकायचा होता आणि किणीकरने अंगठा दाखवायला हवा होता. त्याने दाखवलाही होता. धर्मा कुठे उभा आहे हे मी बघितलंच नव्हतं. हे मी किणीकरला सांगितलं नाही, पण रात्री जेवणात माझं लक्ष नव्हतं आणि वहिनींनी दोनदा विचारलं, आमटी तिखट झाली का.

सकाळी निघताना तो जड कॅमेरा टेबलावर तसाच होता. हात गेला होता, खोटं कशाला सांगू. वजन उचलून बघितलं, मानेत कळ आली आणि खाली ठेवला.

रविवार, मोरा

जगदीशने दहाला बोलावलं होतं. दहाला भरती असते, होडी पाण्यावर तरंगते, फोटो शोभिवंत येतो. मी साडेनऊलाच पोचलो. दारात हिराबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. मला बघून उठली नाही की हसली नाही. म्हणाली, "आलास काय. आदी जेव."

मी म्हणालो, आधी काम करू. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, घेणार का थोडं, आणि पाहुणा नको म्हणतो, मग पुन्हा विचारतात, असं बराच वेळ चालतं. इथे विचारत नाहीत. ताट समोर येतं. तांदळाच्या भाकऱ्या, ओल्या बोंबलांचं कालवण, तळलेली मांदेली. मी मूळचा देशावरचा, मासे मला जगदीशनेच ऑफिसच्या डब्यातून काट्यांसकट शिकवले. जेवलो, पोटभर जेवलो आणि उठलो. आणि दारात धर्माची बायको उभी.

ती जगदीशच्या घरात पाऊल टाकत नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच तिने कुणालाही उद्देशून न बोलता सांगितलं, की फोटो दोघांचा काढायचा तर जेवणं एकाच घरी कशी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जगदीशकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. मी नको म्हटलं असतं तर होडी तिथेच विकली गेली असती. मी निमूट शेजारच्या घरात गेलो आणि दुसऱ्यांदा जेवायला बसलो. पुन्हा भाकऱ्या, कोळंबीचा रस्सा, सुका जवळा. धर्मा समोर बसला होता. साठी उलटलेला, काळा कुळकुळीत, पांढऱ्या शुभ्र भरघोस मिशा. माझ्या ताटात संपलं की बोटाने बायकोला खूण करायचा. तीन भाकऱ्यांनंतर मी त्याच्याकडे काकुळतीने बघितलं. त्याने पुन्हा खूण केली. मला वाटतं, ती माझी शिक्षा होती.

या दोन जेवणांत समुद्र काही आमच्यासाठी थांबला नाही. धक्क्यावर आलो तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. होडी धक्क्याच्या एका अंगाला चिखलात टेकून कलली होती. नवा निळा रंग, झेंडे, झेंडूच्या माळा. धक्का इथे चिखलापासून जेमतेम गुडघाभर उंच, आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला नुसता काळा चिखल, उन्हात चमकत होता. हिराबाई म्हणाली, पाणी चढायला लागलं की पूजा, तेवढ्यात फोटो काढ.

सगळे होडीवर चढले. म्हातारीची खुर्ची मध्ये ठेवली. जगदीशचं घर पुढे नाळेकडे, आणि बाकीचे जागा शोधायला लागले. धर्माला मी पुढे बोलावलं. तो सगळ्यांना ओलांडून पार मागे गेला, सुकाणाजवळ, आणि हाताची घडी घालून उभा राहिला. म्हणाला, "मी मागंच उबा रानार. दिसतो का बगू."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. छिद्र बारीक केलं, तीनदा तपासलं. चौकटीत म्हातारी आणि आजूबाजूची आठ माणसं आली. जगदीशही बाहेर, धर्माही बाहेर. मागे सरकलो. बारा माणसं. अजून मागे. जगदीश अर्धा आला. मागे बघू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण डोळा काढला तर म्हातारी चुळबूळ करायची, आणि पोटात सात भाकऱ्या असताना मान वळवणंही सोपं नव्हतं. पंधरा. सोळा. जगदीश पूर्ण आला. सुकाणाकडे धर्माची एक मिशी दिसली. दुसऱ्या मिशीसाठी अजून एक पाऊल हवं होतं. होडीवरून कुणीतरी सायेब म्हणून ओरडलं. मी ते पाऊल टाकलं.

धक्का संपला होता.

चिखलात पडताना आवाज फारसा होत नाही. मी उभ्याचा उभा आत गेलो आणि मांड्यांपर्यंत रुतलो. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता, एवढी अक्कल शिल्लक होती. पाय उचलायला गेलो तर आणखी खाली गेलो, कमरेपर्यंत. चिखल गार होता आणि त्याला मासळीचा वास होता. मग म्हातारी हसली. दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू, आणि तिच्यामागून सगळी होडी हसायला लागली. मला शरमेने मेल्यासारखं झालं. खरंच सांगतो, रडू येणार होतं. एकदा घर मोडलं, आता होडी जाणार, आणि मी इथे खांबासारखा रोवलेला.

त्यातच डोळ्याला सवयीने कॅमेरा लावला. आणि चौकटीत सगळे होते. नाळेपासून सुकाणापर्यंत होडी, झेंडे, म्हातारी, पोरंबाळं, एकोणीसच्या एकोणीस. धक्क्याने जी दोन पावलं दिली नव्हती ती चिखलाने दिली होती. मी ओरडलो की कुणी हलू नका. कुणी ऐकलं नाही. होडीवर गडबड उडाली, दोराचं भेंडोळं सुटलं, आरडाओरड झाली. मला वाटलं गेला फोटो. तरी बटण दाबलं, एकदाच, कारण दुसऱ्यांदा दाबण्याआधी दोराचं टोक माझ्या छातीवर येऊन आदळलं.

दोघांनी मिळून ओढला मला. "तू सायबाच्या कमरंला येढा घाल, मी खेचतो," धर्मा सांगत होता आणि जगदीश होय दादा म्हणत होता. वर्षभरातलं त्यांचं पहिलं बोलणं माझ्या बुडाखाली दोर कसा घालायचा याविषयी झालं. धक्क्यावर आलो तेव्हा माझी एक चप्पल खाली राहिली होती. ती आजही तिथेच असणार.

हिराबाईने चष्मा मागवला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवून तिने माणसं मोजली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "सगली हायत," म्हणाली. मग कॅमेरा धर्माने घेतला आणि सुकाणाकडे स्वतःला शोधायला लागला. सुकाण मोकळं होतं. मलाही धक्का बसला. मग दिसलं, की तो होडीच्या पार पुढे आला होता, काठावर एक पाय ठेवून, आणि त्याच्या शेजारी जगदीश, आणि दोघांच्या हातात एकच दोर. दोघं तोंडभर हसत होते. मी पडद्यावर चित्र मोठं करून दाखवलं. मिशीचा केस न् केस वेगळा दिसत होता. मागे मुलं, त्यामागे झेंडे, त्यामागे दुसऱ्यांच्या होड्या, सगळं लख्ख.

धर्माने स्वतःची मिशी चाचपली. मग म्हणाला, "जित्ता हाय मी."

पाणी चढल्यावर पूजा झाली. थोरल्याने नारळ फोडला, धाकट्याने दोर सोडला, तीच त्यांच्या घरची रीत. होडी हलली तेव्हा म्हातारीने डोळ्याला पदर लावला. माझ्या अंगावर जगदीशची लुंगी होती, आणि धर्माच्या बायकोने मला चहाबरोबर पुन्हा भाकरी आणून दिली. मी खाल्ली.

फोटो दाराएवढा करायला देण्याआधी मी घरी संगणकावर बघितला आणि कपाळावर हात मारला. उजव्या कोपऱ्यात एक काळा, धुरकट, चिखलाने माखलेला गोळा होता. लेन्सवर माझाच अंगठा आला होता. किणीकरला पाठवला, तो म्हणाला, कोपरा काप, दोन मिनिटांचं काम. मी कापायच्या आधी मोऱ्याला फोन केला. जगदीश दर्यावर होता, फोन धर्माने घेतला, कारण दोघं एकाच होडीत होते. मी अंगठ्याचं सांगितलं आणि काढून टाकतो म्हणालो.

वाऱ्याच्या आवाजात त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

"नको काडू," म्हणाला. "ह्या टायमाला तुमी धुरकट. राऊ दे."